‘मुंडकार’ म्हणजे कूळच का?

पुण्याहून एका वाचकाने विचारले आहे. त्यांच्या आजोबांनी सत्तरच्या दशकात गोव्यातल्या बार्देश तालुक्यातून लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे: ‘आम्ही मुंडकार भाटकारांचे, पण कूळ कोमुनिदादीचे.’ नातवाची शंका अशी, की मुंडकार म्हणजे गोव्याकडचे कूळच असेल तर आजोबांनी तीच गोष्ट दोनदा का लिहिली? आणि यात भाट कुठून आले?

भाटांचे आधी उरकू. राजाची स्तुती गाणाऱ्या भाटाशी या शब्दाचे काही नाते नाही. गोव्यात भाट म्हणजे माडांची बागायत. बरोबर चार आंबे, फणस, काजू असतातच. कोणी ‘भाटात गेलाय’ म्हटले की तो नारळ बघायला गेला असे समजायचे. त्या भाटाचा मालक तो भाटकार. पुढे अर्थ सैलावला आणि भातशेतीच्या जमीनदारालाही लोक भाटकारच म्हणू लागले. बायकोला भाटकारीण.

मुंडकार राहतो तो या भाटात. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहिलेले कुटुंब ते मुंडकाराचे. भाटकाराचा त्यात स्वार्थ उघड होता. माडांना राखण हवी आणि हाकेच्या अंतरावर माणसे हवीत. रात्री वाऱ्याने नारळ पडला तर सकाळी तो उचलून भाटकाराच्या खोलीत टाकायचा. पाडेली माडावर चढला की खाली नारळ गोळा करायला, राशी घालायला मुंडकाराचे घर राबणार. भाटकाराकडे लग्न निघाले, सण आला, की पाणी भरण्यापासून मांडव घालण्यापर्यंत बोलावणे ठरलेले. अंगणातल्या माडाखाली मुंडकाराची पोरे वाढली तरी तो माड भाटकाराचा. घराची भिंत मातीची, छपराला विणलेली चुडते, म्हणजे माडाच्या झावळ्या. दगडाचे घर बांधायचे मनात आले तर आधी भाटकाराचा होकार.

कुळाचा संबंध घराशी नाही, शेताशी. दुसऱ्याचे शेत कसायचे आणि खंड, म्हणजे मालकाचा ठरलेला वाटा, घालायचा. मळणी झाली की धान्य कुडवाने मोजायचे, वीस कुडवांची खंडी, आणि मालकाचा वाटा आधी बाजूला काढायचा. शेताचा मालक भाटकारच असेल असेही नाही. तो देवस्थान असू शकतो किंवा कोमुनिदाद, म्हणजे जुनी गावकरी, गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था. कोमुनिदादीची शेते पावणी करून, म्हणजे लिलाव बोलून कसायला दिली जात. मग एकच माणूस राहायला एका भाटकाराच्या भाटात आणि कसायला कोमुनिदादीच्या शेतात, हे सर्रास होते. आजोबांनी ‘पण’ लिहिले ते त्यासाठी. राहते घर एकाच्या मर्जीवर आणि पोट दुसऱ्याच्या जमिनीवर, असा त्याचा सरळ अर्थ. मला तरी यात द्विरुक्ती दिसत नाही; उलट वाक्य फार नेमके आहे.

पत्राचा काळही बोलका आहे. पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर १९६४ साली गोव्याचा कूळ कायदा झाला आणि खंडावर उत्पन्नाच्या एक षष्ठांशाची मर्यादा आली. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा त्यानंतर, १९७५चा. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६पासून कूळ कसत्या जमिनीचे मालक मानले गेले. मुंडकारालाही घर आणि घराभोवतीची थोडी जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. ‘कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर’ ही घोषणा त्या काळात घुमत होती. तिचे पहिले अर्ध कुळाचे, दुसरे मुंडकाराचे.

कायद्यात आल्यावर मुंडकार या शब्दाला काटेकोर कडा आल्या. घराचे भाडे भरतो तो भाडेकरू, मुंडकार नव्हे. पगारावर ठेवलेला आणि मालकाच्या आउटहाउसमध्ये राहणारा गडी किंवा चौकीदारही मुंडकार नव्हे. भाटकाराची कामे करण्याचे बंधन असो वा नसो, त्याने मुंडकारपण जात नाही. मामलतदारापुढच्या वादांत म्हणूनच ‘हा आमचा नोकर’, ‘हा भाडेकरू’ असा बचाव भाटकाराकडून येतो. लोकांच्या तोंडी शब्द इतका मोजूनमापून नसतो. मुंबई-पुण्याकडच्या बातम्यांत मात्र मुंडकाराचा सरसकट ‘शेतमजूर’ करतात, ते साफ चूक. मुंडकार दर्यावर जाणारा असेल, माडाची सूर काढणारा रेंदेर असेल, आयुष्यात नांगराला हात न लावलेला असेल. घर भाटात असले की पुरे.

‘कूळ-मुंडकार’ हा जोडशब्द बातमीच्या मथळ्याला सोयीचा आहे, कारण दोघांचे खटले बहुधा एकाच कचेरीत आणि गाऱ्हाणीही सारखीच. पण एखाद्या माणसाविषयी लिहिताना तो नेमका कोण, हे ठरवूनच शब्द घ्यावा.

जाता जाता व्याकरण. मुंडकार पुल्लिंगी: तो मुंडकार, स्त्री असेल तर मुंडकारीण. कूळ मात्र माणसासाठी वापरले तरी नपुंसकलिंगीच: ‘ते कूळ खंड घालत नाही’. त्याला वेगळे स्त्रीलिंगी रूप नाही. बाई शेत कसत असेल तर तीही कूळच. एकट्याने लिहिताना ‘कू’ दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व: कूळ, पण कुळाला, कुळांचे. आणि गोव्यातले ‘कुळागर’ म्हणजे माड-पोफळी-केळींची बाग. ती कुळाने कसलेली असलीच पाहिजे असे नाही. पत्रात पुढे कुठे तो शब्द आला तर तिथे कूळ शोधू नका.