दिसायला सारखे गोचीड, डीएनएने वेगळे कसे ओळखायचे?

प्रश्न : मी व्हेटर्नरी पॅरासायटॉलॉजीत पीजी करतेय. कुत्र्यांवरचे गोचीड मायक्रोस्कोपखाली बघून मी सगळ्यांपुढे ‘रिपिसेफॅलस सॅन्ग्विनियस’ लिहिलं होतं, तर गाइड सर म्हणाले की एवढ्यावर भागणार नाही, सिक्वेन्सिंग (डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचणं) कर. खरंच गरज आहे का? आणि १६एस करू की सीओआय? बजेट एकाच मार्करचं (जात ओळखायला वाचायच्या डीएनएच्या तुकड्याचं) आहे.

उत्तर : सरांचं म्हणणं बरोबर आहे, करूनच घ्या. या एका नावाखाली वर्षानुवर्षं भलतेच वेगवेगळे गोचीड भरले गेलेत. नावाचा घोळ इतका होता की २०१८ मध्ये फ्रान्समधला एक नमुना ‘हाच खरा सॅन्ग्विनियस’ म्हणून ठरवावा लागला, आणि उष्ण प्रदेशातल्या ज्या गटाला सगळे ट्रॉपिकल लिनिएज म्हणायचे त्याला २०२१ मध्ये रिपिसेफॅलस लिनेई हे जुनं नाव परत मिळालं. आता तुम्ही म्हणाल नावात काय एवढं, तर एर्लिकिया कॅनिस हा कुत्र्यांना आजारी पाडणारा जीवाणू ट्रॉपिकल गट सहज पसरवतो आणि समशीतोष्ण प्रदेशातल्या, म्हणजे खऱ्या सॅन्ग्विनियसच्या गटाला ते प्रयोगातही नीट जमलं नाही, म्हणजे लेबल चुकलं की रोगाचा सगळा अंदाजच चुकला. त्यात रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी नाहीतर सहा पायांचा लार्व्हा हाती आला तर मायक्रोस्कोपवाला अनुभवी माणूससुद्धा अडतो.

मार्करचं म्हणाल तर १६एस आणि सीओआय दोन्ही मायटोकॉन्ड्रियातले (पेशीला ऊर्जा देणारा, स्वतःचा डीएनए असलेला भाग), प्रत्येक पेशीत त्यांच्या ढीगभर कॉपी असतात म्हणून जुन्या नमुन्यातूनही बऱ्याचदा मिळतात, आणि बदलतातही भराभर, त्यामुळे जवळच्या जाती वेगळ्या दिसतात. गोचिडांमध्ये १६एसचं काम खूप आधीपासून झालंय, सो तुलनेला मटेरियल भरपूर. सीओआयचा फायदा वेगळाच, तो प्रोटीन बनवणारा जीन आहे, मध्येच स्टॉप कोडॉन (प्रोटीन बनवणं थांबवायची खूण) दिसला की समजायचं की ही मायटोकॉन्ड्रियाची खरी कॉपी नाही, न्यूक्लियसमध्ये (पेशीच्या केंद्रकात) जाऊन बसलेली खोटी कॉपी असू शकते. १६एसमध्ये ही तपासणी करताच येत नाही. तुमच्या कामाला एकच परवडत असेल तर मी १६एस घ्या म्हणेन, पण थोड्या नमुन्यांवर तरी दुसरा मार्कर कराच, यावर मी अडून बसेन.

कारण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. इक्झोडिस रिसिनस आणि इक्झोडिस पर्सल्कॅटस या गोचिडांच्या दोन जाती पूर्व युरोपात जिथे एकत्र राहतात तिथे त्यांचे हायब्रिड (संकरित गोचीड) सापडलेत, अशा गोचिडाचा १६एस फक्त आईची जात सांगणार, बापाचा पत्ताच नाही. तिथे न्यूक्लियसमधला मार्कर लागतो, बहुतेक जण आयटीएस२ घेतात. मग सगळीकडे आयटीएस२च का नको? तर गुरांवरचे रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, अ‍ॅन्युलॅटस आणि २०१२ मध्ये पुन्हा वेगळी जात ठरलेला ऑस्ट्रेलिस या तिघांत आयटीएस२ जवळजवळ सारखाच निघतो, तिथे मायटोकॉन्ड्रियाच कामी येतो. प्रत्येक गटाचा हिशोब वेगळा, आपल्या गटावर आधी काय काम झालंय ते वाचूनच मार्कर ठरवा.

आणि फरक दिसला की लगेच नवी जात असं धरू नका. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या लाइम रोगवाल्या गोचिडाला १९७९ मध्ये इक्झोडिस डॅमिनी असं वेगळं नाव दिलं होतं, पुढे दक्षिणेकडच्या इक्झोडिस स्कॅप्युलॅरिसशी त्याचा संकर केला तर पिल्लं धडधाकट आणि पुढे प्रजनन करणारी निघाली, १९९३ मध्ये दोन्ही एकच जात ठरली. १६एसमध्ये दोन गट आजही दिसतात, तरी जात एकच.

प्रश्न : नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेत आणि बरेच रक्ताने फुगलेले आहेत. चालतील?

उत्तर : फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं, इथून पुढे थेट ९५ टक्क्यांच्या वर इथेनॉल वापरा. डीएनए काढायला फुगलेला अख्खा गोचीड कुटू नका प्लीज, रक्तातला हीम (लोह असलेला लाल घटक) पीसीआर (डीएनएच्या कॉपी वाढवायची पद्धत) अडवतो आणि युनिव्हर्सल प्राइमर (कुठल्याही प्राण्याच्या डीएनएला चिकटणारे सुरुवातीचे तुकडे) असतील तर कुत्र्याचाच डीएनए वाढून येऊ शकतो. एक-दोन पाय कापून घ्या, तेवढे पुरतात, बाकी शरीर लेबल लावून जपून ठेवा. उद्या कुणी तुम्ही दिलेल्या जातीच्या नावावर शंका घेतली तर दाखवायला तोच पुरावा. जेनबँकवर (डीएनए सिक्वेन्सचा ऑनलाइन साठा) मॅच बघताना ९९ टक्के आलं म्हणून नाव उचलू नका, तिथली नावं अपलोड करणाऱ्यांनी दिलेली असतात आणि सॅन्ग्विनियसच्या जुन्या एंट्रीमध्ये लिनेई भरपूर आहेत. २०१८ आणि २०२१ च्या त्या ठरवलेल्या नमुन्यांच्या सिक्वेन्सशी जुळवा, ट्री (वंशवृक्ष) काढा, आणि तरीही दोन मार्कर दोन गोष्टी सांगत असतील तर थीसिसमध्ये दोन्ही निकाल लिहून जातीच्या जागी ‘सॅन्ग्विनियस गट’ एवढंच लिहा.