पापातून सुटका हवी असेल तर रोमकरांस पत्रापासून

नव्याने मंडळीत (चर्चमध्ये) आलास, आता बायबल उघडशील तिथून वाचू नकोस. रोमकरांस पत्राचे 6, 7 आणि 8 हे तीन अध्याय घे. रोज सातआठ वचनंच, पण मोठ्याने वाच. सहाव्या अध्यायात 23 वचनं आहेत, तीन दिवस पुरतात. त्यातलं 11 वं आणि 13 वं वहीत उतरवून काढ: आधी स्वतःला पापाला मेलेला मानायचं, मग हात, डोळे, जीभ देवाच्या स्वाधीन करायची. बहुतेक जण पहिलं सोडून थेट दुसऱ्याला लागतात आणि नुसत्या निर्धारावर आठवड्यात थकतात.

सातव्यातली ओढाताण, म्हणजे चांगलं करावंसं वाटतं पण हातून वाईटच घडतं, ती वाचून खचू नकोस. तिथे थांबणं हीच मोठी चूक. त्या दिवशी वचनं जास्त झाली तरी त्याच बैठकीत 8:1 (आठव्या अध्यायाचं पहिलं वचन) पर्यंत जा, ‘दंडाज्ञा नाही’ हे शब्द दिसेपर्यंत.

याकोबाच्या पत्रात, याकोब 1:14-15 मध्ये, क्रम दिलाय: वासना, मग पाप, मग मरण. म्हणून वहीत पाप नको, त्याआधीची वेळ लिही. यंत्रमागाची रात्रपाळी सुटल्यावर मित्र गुत्त्याकडे वळतात ना, तीच वेळ. त्या वेळी घरी जायचा रस्ता बदल, सोबत मंडळीतला एखादा भाऊ घे.

पडलास तर 1 योहान 1:9 प्रमाणे पापाचं नाव घेऊन कबुली दे. ‘चुकलं असेल तर माफ कर’ ही कबुली नव्हे. लाजेपायी रविवारची उपासना मात्र चुकवू नकोस रे, माणूस तिथूनच तुटत जातो. याकोब 5:16 मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय, त्यासाठी पाळकसाहेब (पास्टर) किंवा पोटात गोष्ट ठेवणारा मंडळीतला एकच वडीलधारा माणूस निवड. सगळ्या प्रार्थना सभेपुढे सांगायची गरज नाही.