जनरेटर बंद झाला आणि झोप उडाली

"सुट्टीला गेल्यावर सगळ्यांना बरं वाटतं, मलाच का नाही?" हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत नेहमी येतो, पण सहसा सरळ येत नाही. कधी डोकेदुखीची तक्रार म्हणून येतो, कधी नवराबायकोच्या भांडणाच्या आडून. इथे दोन्ही होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचे. एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजनिर्मिती विभागात मेंटेनन्सचे प्रमुख. पत्नीनं हौसेनं दोन दिवसांची सहल ठरवली होती. उष्ण कटिबंधातलं छोटंसं बेट, चालत तासाभरात फेरी पुरी होईल एवढं. शनिवारी सकाळच्या बोटीनं जायचं, रविवारी दुपारी परत. बरोबर बारा वर्षांची मुलगी. उथळ निळं पाणी, दोन झाडांना बांधलेली झोळी आणि फोनला रेंज फक्त धक्क्यावर. "मला तेच तर हवं होतं," पत्नी म्हणाल्या.

शनिवारी दुपारीच त्यांचं डोकं ठणकायला लागलं. झोळीत जेमतेम पाच मिनिटं काढली असतील. मग "बोटीची वेळ विचारून येतो" म्हणून धक्क्यावर चकरा सुरू झाल्या. बोटीची वेळ चार वेळा विचारायची गरज नसते हे मुलीच्याही लक्षात आलं. रात्री अकराला बेटावरचा जनरेटर बंद झाला आणि हे ताडकन उठून अंधारात चपला शोधायला लागले. उरलेली रात्र व्हरांड्यात बसून काढली. रविवारी पत्नी बोलेनाशा झाल्या. सोमवारी कामावर पाऊल ठेवलं आणि तासाभरात डोकं उतरलं.

त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं ते हे सोमवारचं. "कामावर गेल्यावर बरं वाटलं, मॅडम. म्हणजे मला घरच्यांबरोबर राहायचंच नाही, असं हिला वाटतंय. आणि खरं सांगू का, आता मलाही शंका यायला लागली आहे."

अशा वेळी नात्याबद्दल बोलायचा मोह होतो. मी आधी त्या रात्रीबद्दल विचारलं. जनरेटर बंद झाल्यावर नेमकं काय झालं?

"आवाज थांबला."

"मग?"

"मग काय, आवाज थांबला की..." पुढचं त्यांना सुचेना. वाक्य पत्नीनं पुरं केलं. "आवाज थांबला म्हणजे ह्यांच्याकडे प्लांट ट्रिप झालेला, म्हणजे अचानक बंद पडलेला असतो. मग फोन येतो आणि हे निघतात. लग्न झाल्यापासून बघतेय."

बोलून झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. मला वाटतं, अर्धं काम तिथेच झालं. ज्या माणसाच्या कानानं इतकी वर्षं शांतता म्हणजे संकट असंच शिकून घेतलंय, त्याला तुम्ही शांततेसाठी प्रसिद्ध असलेल्या जागी नेऊन ठेवता. आपण सुट्टीवर आहोत हे त्याच्या शरीराला कुणी कळवलेलंच नसतं.

मानसशास्त्रात हा प्रकार बराच जुना माहितीचा आहे. १९८३ मध्ये हाइड आणि बोर्कोवेक या संशोधकांनी दाखवलं होतं की सतत तणावात असणाऱ्या काही लोकांना शिथिल होण्याचे व्यायाम दिले, तर त्यांची बेचैनी उलट वाढते. पुढे मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा यांनी २०११ मध्ये त्याचं एक स्पष्टीकरण मांडलं. काळजी करणाऱ्या माणसाला वाईट बातमीपेक्षाही गाफील असताना येणाऱ्या वाईट बातमीची धास्ती जास्त असते. म्हणून तो आधीच ताणलेला राहतो. निवांत झालो आणि नेमका तेव्हाच फोन आला तर, या भीतीपायी तो निवांतच होत नाही. गृहस्थांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे स्टँडबाय." मी म्हटलं, हो, तेच.

डोकेदुखीचं कारण मात्र बहुधा इतकं खोल नव्हतं. कामावर दिवसाला किती कॉफी होते, असं मी विचारलं. पाच-सहा कप. बेटावर? सकाळी एक. कॅफिनची सवय असलेल्या माणसानं ते अचानक कमी केलं, तर साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं. त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपासूनच हात आखडता घेतला होता, "सुट्टीत तब्येत सांभाळू" म्हणून. सोमवारी कामावर पोचल्याबरोबर दोन कप झाले आणि डोकं उतरलं. त्याचा बायकोमुलीशी काही संबंध नव्हता. हे ऐकून दोघंही एकदम हसले. तरीही रक्तदाब तपासून घ्या, असं मी सांगितलं. या वयात डोकेदुखीचा सगळा दोष कॉफीवर टाकून मोकळं होऊ नये. सुट्टी लागताच आजारी पडणाऱ्यांवर डच मानसशास्त्रज्ञ अॅड फिंगरहुट्स यांनी काम केलं आहे. कामाचा भार जास्त असलेली आणि जबाबदारी मनातून खाली न ठेवणारी माणसं त्यात जास्त दिसतात.

पत्नीचं दुःखही खोटं नव्हतं. "मी महिनाभर आधीपासून या दोन दिवसांत रमले होते," त्या म्हणाल्या. मला ते अगदी पटलं. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या १५३० प्रौढांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुट्टीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी आढळले, ते निघण्याआधी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नव्हता. ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली, त्यांच्यातच तो थोडा टिकला. बाईंनी आपला आनंद आगाऊ घेऊन झाला होता. गृहस्थांना मात्र त्या महिन्यात ठरवण्यासारखं काहीच नव्हतं, त्यांना फक्त बोटीत बसायचं होतं.

मग मी एक साधा प्रश्न विचारला. त्या दोन दिवसांत एखादा तास तरी बरा गेला का? ते चाचरले. पत्नी म्हणाल्या, "सांगा ना, जनरेटरच्या शेडमध्ये." शनिवारी संध्याकाळी ते तिथल्या ऑपरेटरशी गप्पा मारत बसले होते. नंतर बोटवाल्यानं त्यांना समजावलं की परतीची बोट भरती बघून सुटते आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून उद्याची वेळ आजच्यासारखी नसणार. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. पत्नीला नेमका त्याचाच राग होता. "म्हणजे सुट्टीतही मशीनच!"

इथे मी गृहस्थांच्या बाजूनं बोलले. साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून सावरण्याच्या चार वाटा मांडल्या: कामापासून मनानं दूर होणं, शिथिल होणं, काही नवीन शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ आपल्या मर्जीनं वापरणं. सहलीच्या जाहिरातीत फक्त दुसरी दिसते, ती झोळीतली. सगळ्यांना झोळीच मानवेल असं नाही. भरती-ओहोटीचं गणित समजून घेणारा माणूसही विश्रांतीच घेत असतो. धक्क्यावरच्या चकरा मात्र त्यात बसत नाहीत. तिथे ते समुद्र बघायला जात नव्हते, रेंज बघायला जात होते. ही गोष्टही त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगावी लागली.

पुढच्या सहलीच्या तयारीबद्दल बोलताना तेच म्हणाले, "मॅडम, टर्बाइन आम्ही बंद केला तरी एकदम थांबू देत नाही. गार होईपर्यंत बॅरिंग गिअरवर हळूहळू फिरवत ठेवतो. गरम रोटर, म्हणजे आतला फिरणारा दांडा, एका जागी ठेवला तर वाकतो." बोलून झाल्यावर स्वतःच थांबले. पुढचं मला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढच्या खेपेची आखणी त्यावरच झाली. गुरुवारपासून कामाची यादी करायची; कुठलं काम कुणाकडे सोपवलं आणि कुठलं सोमवारपर्यंत थांबेल, हे लिहून काढायचं. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे ठरवून टाकलं की त्याचं टोचणं कमी होतं. शनिवारी संध्याकाळी धक्क्यावर एकच फेरी, ठरलेल्या वेळी, पत्नीला सांगून. फोन बंद ठेवा असं मी मुद्दाम सांगितलं नाही. ज्याला फोनची धास्ती आहे, त्याच्याकडून फोन काढून घेतला की तो दोन दिवस फोनचाच विचार करतो. कॉफी नेहमीएवढी. आणि पत्नीनं "आता बरं वाटतंय ना?" हे विचारायचं नाही. हा प्रश्न आला की माणूस आत डोकावून तपासायला लागतो, आणि तपासायला लागला की उरलंसुरलं बरं वाटणंही जातं. पत्नीला हे सगळ्यात अवघड गेलं.

काही महिन्यांनी ते त्याच बेटावर पुन्हा गेले. डोकं दुखलं नाही. ओहोटीच्या वेळी बापलेकीनं पाणी मागे हटेल तशा वाळूत काटक्या रोवल्या. मुलगी घड्याळ बघून वेळा सांगायची, हे वहीत लिहायचे. मध्येच एक शंखातला खेकडा तिसऱ्या काटकीवर येऊन धडकला. तिला वळसा घालण्याऐवजी तो बराच वेळ तिच्याशीच झटत राहिला. "बाबा, हा तुमच्यासारखाच आहे," मुलगी म्हणाली. हे सांगताना ते मोठ्यानं हसले.

रात्री जनरेटर बंद झाल्यावर जाग आलीच. या वेळी तो कधी बंद होणार हे त्यांना माहीत होतं, तरी आली. शरीराची इतक्या वर्षांची सवय एका सहलीत जात नाही आणि ती तशी जाईल असं मी कबूलही केलं नव्हतं. फरक एवढाच की ते चपला शोधायला उठले नाहीत. पडल्या पडल्या "जनरेटर बंद झालाय, वेळेवर झालाय" असं मनाशी म्हणाले आणि थोड्या वेळानं त्यांना झोप लागली.

हे वाचून कुणाला आपलीच गोष्ट वाटली, तर एक बघा. बेचैनी फक्त सुट्टीत आणि पहिल्या दिवसापुरती येते, की एरवीही? घरी असतानाही झोप लागत नसेल, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, किंवा छातीत धडधड होऊन आता जीव जाईल असं वाटत असेल, तर डॉक्टरांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. अशा त्रासावर सहल हा उपाय नव्हे, आणि घरच्यांनीही "चार दिवस कुठेतरी जाऊन ये" म्हणून तो टाळू नये.

या गृहस्थांना तसं काही नव्हतं. आता आमच्या भेटी थांबल्या आहेत. त्यांना पुढच्या वेळी तीन दिवस जायचं आहे, असं पत्नीनं कळवलं. रजेचा अर्ज मात्र अजून त्यांच्या टेबलाच्या खणातच आहे.