जुना कोड काढण्याआधी

ॲपमध्ये बाहेरून आणून कोंबलेला अक्षरजुळणीचा (अक्षरं जोडून जोडाक्षरं नीट दाखवण्याचा) जुना कोड काढून त्याच कामाची हार्फबझ ही मुक्त लायब्ररी वापरायचं ठरवलंस, चांगलं केलंस. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरनेही २०१७ मध्ये ५.३ आवृत्तीत विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडची मजकूर-मांडणी हार्फबझकडे दिली.

पण लगेच डिलीट करू नकोस. आधी जुन्या कोडच्या फोल्डरचा, तो जिथून घेतला त्या मूळ आवृत्तीशी डिफ काढ, म्हणजे दोन्हींतला फरक ओळीओळीने दिसेल. आपल्यातल्याच कुणीतरी त्यात दुरुस्त्या करून ठेवलेल्या असू शकतात, आणि खरं काम तिथेच असतं. प्रत्येक दुरुस्ती कशासाठी होती ते गिट लॉगमध्ये (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत) शोध, नव्या लायब्ररीत ती अजून लागते का तपास. मग चाचणीत मराठी शब्द घाल: ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’, ‘कुऱ्हाड’, ‘वाङ्मय’. फक्त हिंदी मजकुरावर तपासलं की मोडलेला ‘ऱ्ह’ कुणाच्या नजरेलाच पडत नाही, आणि हे मला फार खटकतं. एचबी-शेप या हार्फबझच्याच चाचणी-साधनाने आलेला ग्लिफक्रम (फॉन्टमधल्या अक्षर-आकृत्यांचा क्रम) फाइलमध्ये जपून ठेव, पुढच्या अपडेटला तोच ताडून बघता येईल.

लिनक्सवर सिस्टिमचीच लायब्ररी घे. सुरक्षेच्या दुरुस्त्या डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्स-संचाच्या) अपडेटबरोबर येतात. विंडोजवर डीएलएल, म्हणजे लायब्ररीची फाइल, ॲपसोबत द्यावी लागेल, ती ताजी ठेवणं तुझ्याकडे. नवी जोडणी एका कमिटमध्ये (गिटमधल्या एका नोंदीत), जुना कोड काढणं दुसऱ्या. काही बिघडलं तर मागे फिरणं सोपं जाईल.