कोशात ओवी द्यायची, तर कुठल्या प्रतीतली?

तुम्ही विचारलंय: ऑनलाइन शब्दकोशात एका शब्दाखाली ज्ञानेश्वरीतली ओवी दाखला म्हणून द्यायची आहे, पण दोन आवृत्त्यांत पाठ, म्हणजे ओवीतले नेमके शब्द, जुळत नाही, ओवीचा क्रमांकही जुळत नाही, मग कुठली आवृत्ती धरायची, आणि एकाच शब्दाला दोन्हींतले दाखले दिले तर चालतं का?

ज्या प्रतीत तो शब्द तुम्ही स्वतः पाहिलात ती धरा आणि तिचं नाव लिहा. दोन्ही द्यायच्या तर खुशाल द्या, फक्त त्यांची खिचडी करू नका. मी हे ठेच खाऊन शिकलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

इथे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजीची पारायणाची ज्ञानेश्वरी आहे. लाल फडक्यात बांधलेली, सुरुवातीची पाच-सहा पानं वाळवीनं खाल्लेली. कोशात नोंदी करायला लागलो तेव्हा हाताशी तीच होती. ‘पैज’ या शब्दाला मी सहाव्या अध्यायातली, सगळ्यांना तोंडपाठ असलेली ओवी दिली: ‘माझा मऱ्हाटाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजासीं जिंके’. आठवड्याभरात कुणीतरी ‘पैजासीं’ खोडून ‘पैजां’ केलं. मी परत ‘पैजासीं’. त्यानं परत ‘पैजां’. असं चार वेळा झालं. दोन्ही पाठ छापलेले आहेत, दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण त्यानं प्रतीचं नाव दिलं नव्हतं, आणि मला द्यायला नाव नव्हतंच. ते वाळवीच्या पोटात गेलं होतं.

शेवटी पोथीच्या चार पानांचे फोटो घेऊन मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. जुन्या छापील ज्ञानेश्वऱ्या मागवून टाइप, ओळींची मांडणी, पानांचे आकडे ताडत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एक जुळली. तोवर माझा दाखला मी स्वतःच काढून टाकला होता. ज्या पुस्तकाची ओळख पटत नाही, त्याची साक्ष काढता येत नाही.

तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात शिरली. आपण नोंदीत ‘ज्ञानेश्वरी, इ. स. १२९०’ असं ठोकून देतो. ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा, हे खरंच. पण आपल्या हातातला पाठ बहुतेक वेळा एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्या परंपरेतला असतो, आणि ते काम शके १५०६ चं, म्हणजे १५८४ चं. मधे २९४ वर्षं. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण पाठांतरामुळे, म्हणजे पाठ बदलत गेल्यामुळे, अबद्ध (अशुद्ध) झाला, असं नाथ स्वतः सांगतात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एक ज्ञानेश्वरी छापली, ती नाथांच्या आधीच्या पोथीवरून आहे असं त्यांचं म्हणणं. तिच्यात शब्दांची रूपं पुष्कळ ठिकाणी वेगळी दिसतात. म्हणून नोंदीत दोन तारखा हव्यात: रचना केव्हाची आणि पाठ कुठल्या प्रतीचा, ती कोणी संपादली, कधी छापली.

‘मग खरा पाठ कुठला?’ हा प्रश्न पाठचिकित्सा करणाऱ्यांचा, म्हणजे अनेक पोथ्या ताडून मूळ पाठ शोधणाऱ्यांचा. कोशाला इतकंच हवं असतं की अमुक शब्द अमुक काळी कुणीतरी वापरला. पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकानं अवघड शब्द काढून सोपा घातला असेल, तर तो सोपा शब्दही मराठीच आहे. फक्त त्याची साक्ष ज्ञानेश्वरांच्या काळाची नाही, लेखनिकाच्या काळाची. तो त्याच्या नोंदीत, त्या प्रतीच्या नावानं जाऊ द्या. पण एकच ओवी दोन आवृत्त्यांतून देऊन ‘दोन दाखले’ म्हणून मोजू नका. पुरावा एकच आहे, छापखाने दोन आहेत.

याच ओवीचं आणखी एक. हल्ली पाट्यांवर, फॉरवर्डमध्ये ती ‘माझ्या मराठीची बोलू कौतुके’ अशी फिरते. मूळ ‘मऱ्हाटाचि’ म्हणजे ‘मराठीच’: ‘मऱ्हाटा’ हे ‘बोलु’चं विशेषण, आणि ‘चि’ म्हणजे आजचा ‘च’. पाटीवर ‘मऱ्हाटाचि’ची षष्ठी झाली, ‘बोलु’ हे नाम क्रियापद होऊन बसलं. हे वाचून कुणी ‘मराठी’ या शब्दाला १२९० चा दाखला दिला, तर तो सपशेल खोटा. त्या पाटीचा दाखलाच द्यायचा असेल तर आपल्या काळाचा म्हणून द्या.

अनुस्वारांचंही असंच. न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकणाऱ्या १९६२ च्या लेखननियमांनंतर पारायणाच्या कितीतरी स्वस्त प्रतींनी जुने अनुस्वारही पुसून टाकले. ‘आतां विश्वात्मकें देवें’ यातलं ‘देवें’ म्हणजे ‘देवानं’, तृतीया. ‘देवे’ छापलं की पारायणाला काही फरक पडत नाही, पण जुनं रूप दाखवायला निघालेल्या कोशाच्या हाती मग काहीच उरत नाही. नेटवर टाइप करून ठेवलेल्या संहिता ओवी शोधायला वापरा. उतरवून घ्यायची ती मात्र छापील पानावरून किंवा स्कॅनवरून.

क्रमांकांवर माझा मुळीच भरवसा नाही. मुंबई सरकारनं १९५० साली काढलेल्या तुकोबांच्या गाथेत ४६०७ अभंग आहेत. तुकाराम तात्यांनी त्याआधी छापलेल्या गाथेत आठ हजारांवर. मग नुसतं ‘तुगा’ (तुकारामांची गाथा) आणि पुढे आकडा, याला काय अर्थ? आमच्याच गावच्या प्राच्यविद्या मंदिरानं काढलेल्या वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सित (अनेक पोथ्या ताडून ठरवलेल्या) आवृत्तीत युद्धकांडाचे ११६ सर्ग आहेत, नेहमीच्या प्रतींत १२८. कुणी ‘युद्धकांड, सर्ग १२०’ लिहिलं की बडोद्याच्या प्रतीत ती जागाच नसते. म्हणून आकड्याबरोबर ओवीचे पहिले तीन-चार शब्दही द्या. आकडा सरकला तरी शब्दांवरून माणूस पोचतो.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातले ‘ज्ञा’ (ज्ञानेश्वरी), ‘एभा’ (एकनाथी भागवत), ‘दा’ (दासबोध) हे संक्षेप लोक जसेच्या तसे उचलतात. कोशात त्यांची यादी वेगळी दिलेली असते. एकटी नोंद उचलली की यादी मागे राहते. तिथून घेतलात तर ‘महाराष्ट्र शब्दकोशात उद्धृत’ असं लिहा, मूळ पाहिल्याचा आव आणू नका.

माझ्या त्या ‘पैज’च्या नोंदीत आता दोन्ही पाठ आहेत, एकाखाली एक, आपापल्या प्रतीच्या नावानिशी, आणि दाखला एकच धरलाय. वर त्याचा ‘पैजां’ आहे, कारण त्यानं अखेर प्रतीचं नाव सांगितलं आणि ती आजीच्या प्रतीपेक्षा आधी छापलेली निघाली.