नाटकाच्या संवादात टोमणा बसला पाहिजे, पण भांडण वाटता कामा नये. कसं लिहायचं?

वरवर कौतुकच करा आणि डंख एखाद्या बारक्या शब्दात लपवा. 'आमटी छान झालीय हो आज. मीठसुद्धा आहे!' यात 'आज'ने कालची आमटी काढली, 'सुद्धा'ने आजवरच्या सगळ्या. अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती ती हीच: स्तुतीच्या आडून निंदा. एरवी जिला 'तू' म्हणतात त्या जावेला एकदम 'या, आपण कधी आलात?' विचारलं तरी काम होतं, तिथे विशेषणही लागत नाही. फसतं ते बहुधा पुढच्या वाक्यात, लेखक अर्थ उलगडून सांगतो तेव्हा. ऐकणाऱ्याला क्षणभर उशिरा कळू द्या. तोवर त्याला पानातलं निवांत जेवू द्या. मात्र दोघांमधलं जुनं बिनसलेलं प्रेक्षकाला आधीच ठाऊक हवं, नाहीतर त्याला नुसती आमटीची तारीफच ऐकू येते.