मुस्तफा गेमचा जुना बोर्ड गावात दुरुस्त होऊ शकतो का?

होऊ शकतो. तुमचं म्हणणं असं की लाखनीजवळच्या गावात मामांच्या गोदामात व्हिडिओ गेमची जुनी पेटी निघाली. मामा ती दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, घेऊन फिरत. आता लाईन दिली की पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात आणि तसेच राहतात, आवाज काहीच नाही. ओळखीच्या एकाने "बोर्ड गेला, भंगारात द्या" असा सल्ला दिला. कृपा करून देऊ नका. हे बोर्ड किलोच्या भावाने जाताना मी पाहिले आहेत आणि त्यातले कित्येक चालू होण्यासारखे होते.

मी यवतमाळ जिल्ह्यात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं काम करतो आणि गेमचे बोर्ड आवडीने हाती घेतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांतूनच बरंच कळतं. चौकोन हलत नाहीत, चित्र फाटत नाही, गडगडत नाही. म्हणजे सिंक (चित्र पडद्यावर जागच्या जागी धरणारा सिग्नल) बरोबर आहे, व्हिडिओकडचे काउंटर (चित्राच्या ओळी-ठिपके मोजणारे आयसी) चालताहेत, लाल-हिरवा-निळा बाहेर पडतोय. बंद आहे तो मुख्य प्रोसेसर. लाईन देताच रॅममध्ये (कामापुरत्या मेमरीत) जो काही कचरा उभा राहतो तो प्रोसेसरने पुसायचा असतो. तो पुसला जात नाही, म्हणून तोच पडद्यावर दिसतो. रंगांची यादीही रॅममध्येच असते, त्यामुळे रंगही वेडेवाकडे. आवाजाचा प्रोसेसर वेगळा असला तरी कोणता आवाज काढायचा हे त्याला मुख्य प्रोसेसर सांगतो. तेव्हा आवाज नसणं हा निराळा बिघाड धरू नका, निदान आत्ता तरी.

'मुस्तफा' म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यातल्या मुस्तफा कैरो या खेळाडूवरून आपल्याकडे ते नाव पडलं. अस्सल बोर्ड असेल तर आवाजाच्या भागात बॅटरी असते आणि त्या भागाच्या प्रोग्रॅमचं कुलूप उघडणारी माहिती तिच्या जोरावर टिकते. अशी बॅटरी दिसली तर नीट माहिती काढल्याशिवाय उपसू नका. माझ्या हाताखालून गेलेले मात्र जवळपास सगळे कॉपी बोर्ड होते: एकावर एक दोन पाट्या, मधोमध ६४ पायांचा लांबलचक ६८००० प्रोसेसर आणि भोवती ७४ मालिकेच्या आयसींची (साध्या लॉजिकच्या छोट्या चिपांची) दाटी. कॉपी आहे म्हणून कमी लेखू नका. उलट तिथे साधे, मिळणारे सुटे भाग जास्त असतात.

आता काम. सोल्डरिंग आयर्न अजून बाहेर काढू नका. आधी बोर्ड पेटीतून काढून उन्हात धरा आणि दोन्ही बाजूंनी सावकाश बघा. आपल्या भागातल्या गोदामात पडलेल्या बोर्डावर मला सगळ्यात जास्त काय सापडतं, तर कुंभारीण माशीचं मातीचं घर. ते दोन आयसींच्या मधे असतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि खालचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) हिरवे करतं. उंदराचं मूतही तसंच. कापूस साठवलेल्या खोलीत असेल तर तंतू आणि काळ्या मातीची धूळ आयसीच्या बेसमध्ये (ज्या खोबणीत तो बसवतात तिच्यात) जाऊन बसते. मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धीर, एवढं पुरतं. पाण्याने धुणारेही आहेत, पण पूर्ण वाळेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मग पॉवर. इथेच निम्म्याहून अधिक बोर्ड जिवंत होतात असा माझा अनुभव आहे. १९८५ नंतरच्या बहुतेक बोर्डांना जामा नावाची ठरलेली जोडणी असते: एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८, असे ५६ पट्टे. आयसी दिसतात त्या बाजूचे १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ पाच व्होल्ट, ६ बारा व्होल्ट. ७ नंबरला खाच असते, ती बघूनच कनेक्टर लावा, उलटा लावला तर बोर्ड मरतो. पाच व्होल्टच्या पट्ट्यांतून बरेच अँपियर जातात. कॉन्टॅक्ट सैल झाला की तिथे गरम होऊन पट्टा काळा पडतो. एसएमपीएसवर (बोर्डाला पॉवर देणाऱ्या सप्लायवर) मीटर ५.० दाखवेल आणि बोर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या आयसीवर ४.५ सापडेल. म्हणून मोजायचं ते एसएमपीएसवर नाही, बोर्ड चालू असताना सगळ्यात लांबच्या आयसीच्या पायावर. ७४एलएस जातीच्या आयसीला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट चालतात. ५ च्या आसपास ठेवा. कमी भरतंय म्हणून एसएमपीएसचा स्क्रू फिरवून वर चढवत नेऊ नका, आधी पट्टे खोडरबराने आणि अल्कोहोलने साफ करा, कनेक्टर बदला.

आपल्याकडची लाईन कशी आहे ते तुम्हाला सांगायला नको. शेतातले मोटरपंप चालू असले की दिवे मिणमिणतात, ते बंद झाले की व्होल्टेज एकदम उसळतं. कामाच्या टेबलाला चांगला स्टॅबिलायझर लावा. घरातल्या तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का तेही पाहा, कित्येक घरांत ती पिन नुसतीच असते. आणि मृगाआधीच्या विजांच्या दिवसांत काम संपलं की प्लग काढूनच उठा.

पॉवर ठीक, तरी चौकोन तसेच? आता लॉजिक प्रोब लागेल: आयसीच्या पायावरचा सिग्नल वर आहे, खाली आहे की सतत वर-खाली होतोय (पल्स) हे दाखवणारं छोटं साधन. तालुक्याला मिळायचा नाही, नागपूरला सीताबर्डीवर विचारा किंवा ऑनलाइन मागवा. महाग नसतो, आणि या कामात ऑसिलोस्कोपच्या (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) आधी तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. ६८००० च्या १५ नंबरच्या पायावर क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल) असतो, तिथे सतत पल्स दिसले पाहिजेत. १७ नंबर हॉल्ट (प्रोसेसरला थांबवणारा), १८ नंबर रिसेट (त्याला नव्याने सुरू करणारा). लाईन दिल्यावर क्षणभर दोन्ही खाली राहून वर गेले पाहिजेत आणि वरच राहिले पाहिजेत. रिसेट कायम खालीच असेल तर रिसेटच्या सर्किटमध्ये शोधा, तिथला छोटा कंडेन्सर सुकलेला असू शकतो. रिसेट ठरावीक तालात वर-खाली होत असेल तर बातमी चांगली आहे. बोर्डावर वॉचडॉग नावाची राखण असते: प्रोसेसरने ठरलेल्या वेळात हजेरी दिली नाही की ती त्याला पुन्हा रिसेट करते. म्हणजे प्रोसेसर धावायचा प्रयत्न करतोय, पण त्याला प्रोग्रॅम चुकीचा मिळतोय किंवा कामाची रॅम साथ देत नाही.

प्रोग्रॅम ईप्रॉममध्ये असतो, म्हणजे लाईन गेली तरी माहिती जपणाऱ्या मेमरीच्या आयसीत. काढण्याआधी मोबाईलवर स्पष्ट फोटो घ्या, कोणता कुठे आणि खाच कोणत्या बाजूला ते दिसलं पाहिजे. पातळ स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकांनी आळीपाळीने थोडं थोडं उचला. पाय काळे पडलेले असतील तर हलक्या हाताने खोडरबर फिरवा आणि परत बसवा. एवढ्याने चालू झालेले बोर्ड मी पाहिलेत. ६८००० एका वेळी १६ बिट घेतो आणि असे ईप्रॉम बहुधा ८ बिटांचे असतात, म्हणून ते जोडीने काम करतात. बैलजोडीत डावा बैल उजवीकडे जुंपला तर जे होतं तेच इथे जागा बदलली तर होतं. ईप्रॉमच्या काचेवरचं स्टिकर निघालं असेल तर लगेच काळी टेप लावा, अतिनील किरणांनी आतला प्रोग्रॅम पुसला जातो. कोणाकडे यूएसबीवरचा ईप्रॉम प्रोग्रॅमर असेल तर प्रत्येक ईप्रॉम वाचून मेम या एम्युलेटरच्या (जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीतल्या चेकसमशी (प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे का हे पडताळायच्या आकड्याशी) ताडा. कॉपी बोर्डांचेही बरेच संच त्या यादीत आहेत.

ईप्रॉम बरोबर निघाले तर रॅम आणि तिच्या वाटेवरचे ७४एलएस२४५, ७४एलएस३७३, ७४एलएस१३८ हे आयसी बघा. या आयसींच्या आउटपुटवर प्रोब वर किंवा खाली दाखवतो, नाहीतर पल्स. इनपुटवर हालचाल आहे, आयसीला काम करण्याची परवानगी देणारा पायही बरोबर आहे आणि आउटपुटवर प्रोब काहीच दाखवत नाही, तर तो आयसी मेला असं धरायला हरकत नाही. फुजित्सूचे ७४एलएस आयसी असे मरण्यासाठी बदनाम आहेत, ते दिसले तर त्यांच्यापासून सुरुवात करा. बोटाला चटका बसेल असा एखादाच आयसी तापत असेल तर तोही संशयित.

आयसी काढताना तो वाचवायचा विचार सोडा, ट्रॅक वाचवा. पाय बारीक कटरने कापा, अंग बाजूला करा आणि मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. भोकं सोल्डर-पंपाने मोकळी करा, नवा आयसी थेट लावू नका, बेस लावा. पहिल्यांदा करत असाल तर एखाद्या फेकलेल्या बोर्डावर हात बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. पेटीतल्या पिक्चर ट्यूबच्या मागे हात घालू नका. तिथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट तयार होतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. पेटीत मॉनिटरऐवजी जुना टीव्ही बसवला असेल तर त्याच्या चॅसिसवर थेट मेन्स (घरची लाईन) असू शकते, अशा वेळी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (टीव्हीला घरच्या लाईनपासून वेगळा ठेवणारा) आहे का हे आधी तपासायला हवं. हा भाग साकोली-भंडाऱ्याकडे जुना टीव्ही मेकॅनिक शोधून त्याच्याकडे द्या. ट्यूबच्या कामात त्या पिढीइतका तयार हात आता कुठे मिळत नाही. बोर्ड मात्र त्याच्याकडे सोडू नका, तो स्वतः बघा.

तपासलंत की इथेच खाली लिहा: लांबच्या आयसीवर किती व्होल्ट भरले, १५, १७ आणि १८ नंबरच्या पायांवर प्रोबने काय दाखवलं. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटोही टाका, आयसींवरचे नंबर वाचता येतील असे. त्यावरून पुढचा आयसी कोणता तपासायचा ते सांगतो.